वाघरीचं पुस्तक

"मॅडम, ह्यात वाघ न्हाई," असं म्हणत विक्रमराव जगदाळ्यांनी ते पातळसं पुस्तक टेबलावर ठेवलं. नासका निघालेला नारळ दुकानदारासमोर ठेवावा तसं. विक्रमराव दौंडच्या रेल्वेत गार्ड. माणूस मालगाडीसारखा सावकाश, पण नेमाचा. सात वर्षं ते या वाचनालयातून फक्त शिकारीची पुस्तकं नेत होते. नरभक्षक वाघ असला तर उत्तम, बिबट्या चालेल, रानडुकरावर ते अगदी नाइलाजानं यायचे. नऊ नंबरचं कपाट त्यांनी दोनदा वाचून संपवलं होतं आणि परवा काहीच उरलं नाही म्हणून खालच्या खणात भिंतीला चिकटून राहिलेलं हे एक ओढून काढलं होतं. "वाघर म्हणल्यावर मला वाटलं, वाघाचीच काय तरी जात असंल," ते म्हणाले, "आत बघतो तर नुसत्या दोऱ्या आन् गाठी." हर्षदा हसली. वाचकाचं गाऱ्हाणं हसून घ्यावं आणि परत आलेल्या पुस्तकाची पानं तपासावीत, हा तिचा अकरा वर्षांचा शिरस्ता. तिनं पुस्तक मधोमध उघडलं. चित्रात खुंट्या होत्या, खुंट्यांना ताणून बांधलेली जाळी होती आणि जाळीच्या आत एकमेकांच्या पोटाखाली माना घालून बसलेली मेंढरं होती. विक्रमराव दुसरं काहीतरी द्या म्हणाले, तिनं हाताला येईल ते दिलं. ते अस्वलांचं होतं की मधमाश्यांचं, हे तिला नंतर आठवेना.

आता हर्षदा कोकऱ्यांना एखादं पुस्तक सापडलं नाही, असं दौंडात कुणी म्हटलं असतं तर ऐकणारे हसले असते. कादंबऱ्या काय, कुणीही काढून देतं. हर्षदाची ख्याती वेगळ्याच पुस्तकांसाठी होती. डावखुऱ्या मुलांना लिहायला कसं शिकवावं, जुन्या घड्याळांचे लंबक कसे दुरुस्त करावेत, शाई घरी कशी बनवावी, बोबडेपणा, सावलीवरून वेळ सांगणं, विहिरींचे नाद. कुरकुंभच्या कारखान्यातला एक केमिस्ट एकदा थट्टेनं म्हणाला होता, मॅडम, वासांवर काही आहे का, नुसत्या वासांवर. पंधराव्या दिवशी तिनं त्याच्यापुढं एका अत्तरवाल्यानं पदरमोड करून छापलेलं एकशे बारा पानांचं पुस्तक ठेवलं, तेव्हा तो गडी उभाच राहिला. तिचं एक तत्त्व होतं. ज्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही असं वाटतं, त्यावर कुणीतरी, कुठंतरी, बायकोच्या शिव्या खात, स्वतःच्या खर्चानं लिहिलेलंच असतं. आपण फक्त ते विचारायचं कोणत्या शब्दानं, एवढं शोधायचं. यवतच्या रद्दीवाल्याकडं ती दर महिन्याला जायची, शिरूरच्या बाजारात जुन्या वह्यांच्या ढिगात बसायची, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळायची. तिच्या निळ्या वहीत दर शब्दापुढं दुसरे शब्द लिहिलेले असत: 'मध' शोधणाऱ्याने 'पोळे' पाहावे, 'आग्या' पाहावे, 'मेण' पाहावे. "नाही" हा शब्द ती वाचकाला सहसा देत नसे. "थांबा" म्हणायची. अकरा वर्षांत तिनं ठामपणे "नाही, असं पुस्तक नाहीच" असं एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तेही वर्षातून एकदा, आठ-नऊ वर्षं. तो माणूस तिचा बाप.

पुस्तकाच्या मागच्या खिशात तिनंच केलेलं कार्ड होतं. १९९३ सालचं, तिच्याच गोल अक्षरातलं. वाघर. प्रकाशन शिरूर, १९७१. पृष्ठे चौसष्ट. विषय: वन्यप्राणी व शिकार. ती नोकरीला लागली त्या महिन्यात शिरूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेकडून तीन खोकी भरून पुस्तकं दान आली होती आणि तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब यायचे होते. दोन दिवसांत दोनशे चौदा पुस्तकं तिनं नुसती नावं वाचून लावली होती, आणि साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं होतं. ते कौतुक तिला आज, भर दुपारी, टेबलाशी बसल्या बसल्या झोंबलं. तिनं शिपायाला चाव्या दिल्या, घरी आबांकडं जाऊन येते म्हणून सांगितलं, पुस्तक स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि वरवंडची गाडी धरली.

खिडकीशी बसल्यावर तिनं ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि पाटसपर्यंत तिला पानावरचं कमी आणि आतलंच जास्त दिसत राहिलं. हर्षदाचा जन्म वाड्यावरचा. वाडा म्हटल्यावर दौंडातल्या मैत्रिणींना चौक आणि दिंडीदरवाजा आठवायचा. धनगराचा वाडा म्हणजे पाच-सहा घरं, त्यांची मेंढरं, दोन घोडी, कुत्री, आणि आज या रानात तर उद्या त्या. तिला तिथं बाळी म्हणत. हर्षदा हे नाव शाळेतल्या बाईंनी दिलं, कारण हजेरीत बाळी शोभत नव्हतं. तिला आठवत होता तो वास, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, आणि तिन्हीसांजेला बापाचा खुंट्या ठोकण्याचा आवाज. मेंढरांभोवती जाळी ताणायची, मग आत कोकरू सुद्धा हरवायचं नाही. त्या जाळीला वाड्यावर काय म्हणत? तिनं खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. वागर. घाईत, अर्धं गिळून, 'वाग्र' असंच काहीसं. "वागर वढ", "वागरीत घाल". तो शब्द तिनं कधी लिहिलेला पाहिला नव्हता, आणि जो शब्द लिहिलेला पाहिला नाही तो शाळेत गेल्यावर ती हळूहळू विसरली. विसरली म्हणजे काय, लाजेनं कोपऱ्यात सारला. त्यामुळं छापलेलं 'वाघर' समोर आलं तेव्हा शिकलेल्या बाळीला त्यात वाघ दिसला. विक्रमरावांना दिसला तसाच. विक्रमराव निदान जगदाळे होते, धनगर नव्हते, त्यांना काय ठाऊक असणार.

गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची, तिच्या जन्माच्याही आधीची, पण घरात इतक्यांदा सांगितलेली की तिला स्वतः पाहिल्यासारखी वाटे. दिवाळीनंतर वाडा घोडनदीच्या काठानं चालला होता. शिरूरच्या अलीकडं एक सायकलवाला मास्तर आला. त्याला जाळीचं वेड लागलं होतं. बाकीच्यांनी त्याला हाकलायला कुत्री सोडली, पण चोवीस वर्षांच्या मल्हारीनं, म्हणजे हर्षदाच्या बापानं, त्याला घोंगड्यावर बसवलं, आणि दहा दिवस रोज संध्याकाळी त्याला गाठींची नावं सांगितली, खुंट्यांमधलं अंतर सांगितलं, वाऱ्याकडं तोंड का ठेवत नाहीत ते सांगितलं. मास्तर लिहून घ्यायचा. जाताना त्यानं नमुना म्हणून एक अख्खी वाघर मागितली. मल्हारीनं त्याला थोरल्या बहिणीची दिली. रतनबाईनं ती अंबाडीच्या दोरीची वाघर एक पावसाळाभर बसून विणली होती, बोटं सोलून निघाली होती. मास्तर म्हणाला, पुस्तक छापीन, त्यात मल्हारीचं नाव घालीन, आणि एक प्रत वाड्यावर पोचती करीन. मल्हारीनं त्याच्या भरवशावर सगळ्या वाड्यापुढं शब्द दिला, पुस्तक येईल, नावासकट येईल. पुस्तक आलं नाही. मग सोयऱ्याधायऱ्यांत म्हणच पडली. कुणाचं लग्न लांबलं, कुणाची उसाची तोड लांबली, की म्हणायचं, हुईल की, मल्हारीचं पुस्तक आल्यावर. पोरं म्हणायची, सुना म्हणायच्या, आणि ज्यांना मूळ गोष्ट ठाऊक नाही असे लांबचे पाहुणे मल्हारीच्याच ओसरीवर बसून त्याला तोंडावर म्हणायचे. तो मान खाली घालून तंबाखू मळायचा. हर्षदानंही म्हटलं होतं, कॉलेजात असताना, हसत हसत, नळाचं पाणी कधी येणार या प्रश्नावर. बापानं तेव्हा तिच्याकडं पाहिलं होतं. ते पाहणं आत्ता गाडीत तिला आठवलं आणि तिला स्वतःची चीड आली.

ती ग्रंथपाल झाली तेव्हा बाप आयुष्यात पहिल्यांदा दौंडच्या वाचनालयात आला, चपला बाहेर काढून. कपाटांकडं बघत त्यानं विचारलं, "बाळे, आमच्या जाळीचं काय पुस्तक हाय का गं ह्यात?" तिनं उत्साहानं सगळं पालथं घातलं. धनगर पाहिलं, मेंढपाळ पाहिलं, लोकर, घोंगडी, पशुपालन पाहिलं. जाळी पाहिलं तर मासेमारी निघाली, सहा पुस्तकं, तिनं ती सहाही चाळली. पुण्याच्या ओळखीच्या ग्रंथपालांना पत्रं लिहिली. आणि मग दर जत्रेला घरी गेलं की बाप विचारायचा आणि ती सांगायची, नाही आबा, छापलंच नाही त्यानं. तिचा आवाज ठाम असायचा, कारण तिला खात्री होती. शेवटची दोन-तीन वर्षं बापानं विचारणंही सोडलं होतं. आपल्या लेकीला सापडत नाही म्हणजे ते जगात नाही, एवढा त्याचा तिच्यावर विश्वास होता.

पण तो 'जाळी' का म्हणाला? गाडी पाटसला थांबली, दोन बायका चढल्या, टोपल्या सरकवल्या, कंडक्टरनं घंटी दिली, आणि हर्षदा त्या एका प्रश्नावर अडून राहिली. हयातभर ज्याला तो वागर म्हणत आला, त्याला वाचनालयात पाऊल ठेवताच जाळी का म्हणाला? उत्तर तिला ठाऊक होतं, फक्त मान्य करायला जड जात होतं. चपला त्यानं ज्या कारणासाठी बाहेर काढल्या त्याच कारणासाठी. लेक शिकलेली, तिला गावंढळ शब्द कशाला, तिच्या भाषेत विचारावं. त्यानं आपला शब्द तिच्यासाठी बदलला, तिनं आपला शब्द शाळेसाठी टाकला, आणि खरा शब्द नऊ नंबरच्या कपाटात तळाशी पडून राहिला. लोकांना कोणत्या शब्दानं विचारायचं ते शिकवणारी ही बाई, आणि घरच्या माणसाचा शब्द तिनं कधी विचारला नाही. दुसरी एखादी असती तर इथं रडली असती. हर्षदाला रडू आलं नाही, राग आला, आणि रागानं तिचं डोकं नेहमीच साफ चालायचं. पुस्तक सापडलंय ना? मग द्यायचं नेऊन. चुकलं ते चुकलं म्हणायचं आणि बापाचा शब्द खरा करून टाकायचा, आजच्या आज.

आणि इथंच घोटाळा निघाला. शेवटचं पान वाचून तिनं पुस्तक मिटलं, मग पुन्हा उघडलं, प्रस्तावना पाहिली, ऋणनिर्देश पाहिला. मास्तरानं काम चोख केलं होतं. बत्तीस गाठींची नावं होती, सगळ्या चित्रांसकट. ऋणनिर्देशात त्यानं छापखान्याच्या मालकाचे आभार मानले होते, कागद देणाऱ्या व्यापाऱ्याचे मानले होते, सायकल देणाऱ्या मेव्हण्याचे सुद्धा मानले होते. आणि मग एक ओळ: 'ही सर्व माहिती मला वाड्यावरील एका तरुणाकडून मिळाली.' बस. मल्हारी नाही, आज्याचं बिरदेव नाही, आडनाव मासाळ नाही. चौसष्ट पानं तिनं ओळ न् ओळ बोटानं शोधली. वरवंडचा तलाव दिसू लागला तरी ती शोधतच होती. बत्तीस गाठींना नावं मिळाली होती आणि ज्यानं ती सांगितली तो एक तरुण राहिला होता. पुस्तक बापाच्या हातात पडेल, पण अर्धाच शब्द खरा होईल, आणि उरलेला अर्धा काय करायचा ते तिला उतरेपर्यंत सुचलं नाही.

मल्हारीआबा दारापुढच्या लिंबाखाली घोंगड्यावर बसले होते. मेंढरं विकून शेती धरल्याला वीस वर्षं झाली, पण बसायला त्यांना अजून घोंगडंच लागे. लेक अवेळी आलेली पाहून त्यांनी जावयाची तब्येत विचारली. ती खाली बसली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "आबा, वाघरीचं पुस्तक सापडलं."

आबांनी मान वर केली. पुस्तकाआधी त्यांना तो शब्द ऐकू आला असावा, कारण ते काही क्षण तिच्या तोंडाकडंच बघत राहिले. तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं, हाताच्या पंजानं त्याचं वजन घेतलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं, गाडीत ठरवलं होतं तसं, एका दमात. अकरा वर्षं ते तिच्याच कपाटात होतं, तिनंच ते वाघांच्यात लावलं होतं, आणि दर वर्षी त्यांना नाही नाही म्हणून सांगितलं ते खोटं ठरलं. "माझं चुकलं, आबा," ती म्हणाली. आबा पुस्तकातल्या चित्रावर अंगठा फिरवत होते.

"वाघ आत येऊ ने म्हनूनच तर वाघर," ते म्हणाले. "बराबर जागी ठिवली व्हतीस की." आणि तंबाखूनं काळे झालेले दात दाखवून हसले. हर्षदाला एकदम हलकं वाटलं, लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं. पण आबांनी लगेच शेजारच्या घराकडं तोंड करून हाक दिली, "आक्का, हिकडं ये. पुस्तक आलं."

रतनबाई, हर्षदाची आत्या, सत्तरीला टेकलेली, नवऱ्यामागं भावाच्या शेजारीच खोपट करून राहिलेली. जीभ तिखट. ती म्हण मुळात हिनंच पाडली होती, हे सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक होतं. आणि तिची वाघर गेली होती, त्यामुळं तिला कुणी बोलायचं नाही. वयाच्या साठीला ती साक्षरतेच्या वर्गात बसली आणि पाटी-पेन्सिल घेऊन अक्षर शिकली. तेव्हापासून खताच्या पोत्यापासून एस.टी.च्या फळीपर्यंत जे दिसेल ते ती एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायची आणि वाचून झालं की भोवताली बघायची. आली ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"माजी वागर हाय का त्यात?" तिनं विचारलं. हर्षदानं चित्र दाखवलं, खाली 'मूळ नमुना' असं लिहिलेलं. आत्या बसली, पान डोळ्यांजवळ नेलं, कोपऱ्यातल्या गाठी बोटानं मोजल्या. "माजीच," ती म्हणाली. "हितं दोरी कमी पडली व्हती, दुहेरी गाठ मारलीय." छत्तीस वर्षांनी तिला तिची वाघर दिसली होती. तरी तिचा चेहरा मऊ झाला नाही. तिनं पुस्तक हर्षदाकडं सरकवलं. "आन् ह्याचं नाव? नाव घालतो म्हनला व्हता मास्तर. समद्या वाड्यानं ऐकलंय."

आबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे. हर्षदानं ऋणनिर्देशाचं पान काढलं. तिनं अकरा वर्षांत छापलेला शब्द कधी बदलून वाचला नव्हता. तिनं छापखान्याच्या मालकापासून सुरुवात केली, व्यापारी वाचला, मेव्हणा वाचला, आणि त्या ओळीवर आली. आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "ही सर्व माहिती मला वाड्यावरील मल्हारी बिरदेव मासाळ या तरुणाकडून मिळाली."

"कुठं हाय?" आबांनी विचारलं. तिनं त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. बोट जाड होतं, तिथले चार शब्द त्याखाली झाकून गेले. आबा आपल्या बोटाकडं बघत राहिले.

"बगू," आत्या म्हणाली. तिनं भावाचं बोट बाजूला केलं, कनवटीची चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला. आता पुस्तक ओढून घेणंही शक्य नव्हतं. आत्याचं नख ओळीखाली सरकू लागलं, ओठ हलू लागले, आवाज मात्र नेहमीसारखा बाहेर येत नव्हता. वा. ड्या. व. री. ल. नख थांबलं. पुढच्या शब्दाशी ते दोनदा मागं आलं आणि दोनदा पुढं गेलं. मग ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, पूर्णविरामापर्यंत. आत्यानं चष्मा काढला, लुगड्याच्या पदरानं काच पुसली, पुन्हा लावला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग तिनं हर्षदाकडं पाहिलं, आणि हर्षदानं नजर खाली घातली नाही.

"हाय," आत्या म्हणाली. "मल्हारी बिरदेव मासाळ. समदं नाव हाय. बारीक छापलंय मेल्यानं, पर हाय."

आबांनी गुडघ्यांवरचे हात उचलून तोंडावरून फिरवले.

"पुन्यांदा वाच, बाळे," ते म्हणाले.

हर्षदानं पुन्हा वाचलं, तीच ओळ, तशीच, आणि नाव आलं तेव्हा आत्याही पानावर नख ठेवून तिच्याबरोबर ते वाचू लागली, एकेक अक्षर लावून, मोठ्यानं.